औषधाचे वाहन आणि त्याचे कवच

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षणाचे महत्त्व सांगितले जाते. ते आपण पुष्कळ ऐकले आहे, म्हणून मी आज वेगळा विषय घेतो. मी बी.ए., बी.एड. झालेला मनुष्य, रसायनशास्त्राचा अधिकारी नव्हे. परंतु कोरोनाच्या साथीत कित्येक पालक विचारत, "सर, या लशीत नेमके आहे तरी काय?" प्रश्न रास्त होता. तो पुढे न्यायचा तर असे म्हणावे लागेल की औषध कोणते हा अर्धाच प्रश्न आहे. ते शरीरात कशावर बसून जाते, हा उरलेला अर्धा.

थॅलेसेमिया हा शब्द काही घरांना दुर्दैवाने ठाऊक असतो. एका जनुकात दोष असतो आणि मुलाला वारंवार रक्त चढवावे लागते. अशा रोगात निर्दोष जनुक पेशीत पोचवता आले तर? कल्पना सोपी आहे, पोचवणे कठीण. जनुक म्हणजे डीएनएच्या लांबलचक धाग्याचा भाग. धाग्यावर ऋण विद्युतभार, पेशीच्या आवरणावरही ऋण भार; म्हणून दोघे एकमेकांना दूर लोटतात. शिवाय रक्तातील विकरे त्या उघड्या धाग्याचे तुकडे करतात. वाहन हवेच.

पहिले वाहन निसर्गातलेच, विषाणू. पेशीत शिरणे हा त्याचा धंदाच. त्यातील रोगकारक भाग काढून तेथे हवे ते जनुक घालायचे. पण शरीर विषाणूला ओळखते. १९९९ च्या सप्टेंबरात अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जेसी गेल्सिंगर नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला यकृताच्या एका आनुवंशिक विकारासाठी, प्रयोगाचा भाग म्हणून, असा अडिनोव्हायरस टोचण्यात आला. त्याच्या शरीराने इतका तीव्र प्रतिकार केला की चार दिवसांत तो दगावला. तो स्वतःहून प्रयोगात सामील झाला होता, ही गोष्ट मनाला फार लागते. विषाणूचे वाहन त्यानंतर टाकून दिले गेले असे मात्र नाही. २०१७ मध्ये एका आनुवंशिक अंधत्वावर असे औषध अमेरिकेत मंजूर झाले. आणि आपल्यापैकी अनेकांनी घेतलेली, पुण्यात बनलेली कोव्हिशील्ड हीसुद्धा विषाणूवाहनाचीच लस होती.

दुसरा मार्ग रसायनशाळेतला. १९९५ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्गच्या जाँ-पॉल बेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिइथिलीनइमीन नावाचा पॉलिमर जनुक वाहून नेण्यासाठी वापरला. पॉलिमर म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातील बहुवारिक. कागदाच्या कारखान्यात वापरला जाणारा हा पदार्थ! त्याच्यावर धन भार भरपूर. त्यामुळे तो ऋणभारित डीएनएला कवटाळून त्याची बारीक पुरचुंडी बांधतो आणि पेशीलाही चिकटतो.

आणि येथेच खरी मेख आहे. ज्या धन भारामुळे तो जनुकाला धरतो, त्याच भारामुळे तो रक्तातील प्रथिनांना आणि तांबड्या पेशींनाही धरतो. गुठळ्या होतात, त्या फुप्फुसांच्या सूक्ष्म केशवाहिन्यांत अडकतात, पेशींची आवरणे फाटतात. या पॉलिमरचा रेणू मोठा घ्यावा तर काम चांगले होते आणि विषही वाढते. गुण आणि दोष एकाच मुळातून आलेले. दोष तेवढा उपटून टाकता येत नाही.

तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याला झाकले. झाकण्यासाठी पॉलिइथिलीन ग्लायकॉल, थोडक्यात पेग, हा दुसरा पॉलिमर घेतला. पिशवीचे पॉलिथिन ते हे नव्हे; हा पाण्यात विरघळतो, बद्धकोष्ठाच्या औषधातही असतो. कॅप्सूलचे जिलेटिन कोठून येते, असे आपल्यातले पालक विचारतात. पेग हा प्राण्यांपासून नव्हे, तर खनिज तेलापासून निघणाऱ्या रसायनांपासून बनवतात. पुढचे उलेमांना विचारावे. त्याच्या साखळ्या पाणी धरून ठेवतात आणि कणाभोवती पाण्याचा थर तयार होतो. रक्तातील प्रथिने तेथे सहजी चिकटत नाहीत. ही युक्ती अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या फ्रँक डेव्हिस यांच्या गटाने १९७७ मध्ये प्रथिनांसाठी प्रसिद्ध केली होती. १९९५ मध्ये कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिन हे औषध पेगचे कवच असलेल्या स्निग्ध पिशव्यांत भरून अमेरिकेत मंजूर झाले. हृदयाला होणारी इजा त्यामुळे कमी झाली. पण औषध रक्तात अधिक काळ राहिल्याने तळहात-तळपाय सोलवटण्याचा त्रास वाढला.

कवचाची अडचण कोकणातल्या माणसाला लगेच कळेल. नारळ उंचावरून पडतो आणि फुटत नाही, कारण त्याला सोडण आहे. पण सोडण निघालेच नाही तर खोबरे कसे मिळणार? पेग झाकलेला कण रक्तात सुखरूप फिरतो, मात्र पेशीच्या दाराशी गेल्यावर पेशी त्याला धड घेत नाही. घेतलाच तर आतल्या पुटिकेतून तो बाहेर पडत नाही. म्हणून आता खटपट आहे ती वेळेवर गळून पडणाऱ्या कवचाची.

नववी-दहावीच्या मुलांनी येथे लक्ष द्यावे, कारण हे तुमच्याच पुस्तकातले आहे. रक्ताचा सामू सुमारे ७.४, पेशीने गिळलेल्या पुटिकेत तो ६ ते ५ पर्यंत उतरतो. आम्लात तुटेल अशा बंधाने कवच जोडले तर ते त्या पुटिकेतच सुटते. दुसरी युक्ती गंधकाच्या दोन अणूंच्या बंधाची. पेशीच्या आत ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य रक्तापेक्षा शेकडो पटींनी अधिक असते आणि ते हा बंध तोडते. २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या पॅटिसिरान या औषधात वाहन स्निग्ध कणांचे आहे. त्यातील पेगला स्निग्ध शेपूट मुद्दाम आखूड ठेवले आहे. रक्तात गेल्यावर पेग निसटतो, त्या जागी शरीराचेच एक प्रथिन येऊन बसते आणि कणाला यकृतात नेते. मला ही युक्ती सर्वांत आवडली.

शेवटी पालकांच्या शंकेकडे येतो. काहींच्या रक्तात पेगविरोधी प्रतिपिंडे असतात. त्यांच्यात औषध लवकर बाहेर टाकले जाते, क्वचित तीव्र प्रतिक्रियाही येते. फायझर व मॉडर्नाच्या लशींनंतर दहा लाखांत मोजक्या जणांना अशी प्रतिक्रिया आली, तेव्हा संशय पेगवरही गेला. म्हणून पेगला पर्याय शोधणे चालू आहे. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. तिचेही वाहन विषाणूविरहितच, मात्र घडण निराळी. यकृतात पोचणे आता पुष्कळ जमले आहे, मेंदूत पोचणे अजून नीट जमलेले नाही. शिवाय गळून पडलेले कवच जाते कोठे? लहान रेणू मूत्रावाटे निघतात; फार मोठे मागे रेंगाळतात, कारण पेग शरीरात सहजी मोडत नाही. वाहन आखणाऱ्याला हेही आधीच ठरवावे लागते.

पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि माटुंग्याची रासायनिक तंत्रज्ञान संस्था येथे पॉलिमरचे शिक्षण-संशोधन चालते. कोणाची मुलगी वा मुलगा दहावीनंतर विज्ञान घेऊ म्हणत असेल, तर त्या पालकांनी आज कार्यक्रमानंतर मला जरूर भेटावे; प्रवेशाची माहिती मी बरोबर आणली आहे.