पाळणा आणि पाणी



“आई, एकच मूल पुरे. नागपूरचा उन्हाळा हा असा, पाणी पेंचहून आणायचे; दुसऱ्याच्या वाट्याला काय उरेल?” सूनबाईच्या या बोलण्यावर मी आठ दिवस रुसले.

१९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा त्यांना केवढी निंदा सोसावी लागली! त्यांना स्त्रीच्या प्रकृतीची चिंता होती; सूनबाईला धरणीचीही आहे.

परंतु २०१९–२१च्या पाहणीत महाराष्ट्रात दर स्त्रीमागे सरासरी १.७ मुलेच आढळली. मग सारा भार पाळण्यावरच का? अंगणात नळ वाहता सोडणारी मीच ना!

पाळण्याचे सूनबाईनेच ठरवावे. नळ मी आवळला आहे.