सह्याद्रीतील मधमाश्यांचें रक्षण

सह्याद्रीच्या रानांत मधमाश्यांच्या दोन जाती विशेष परिचित आहेत. सातेरी माशी झाडाच्या ढोलींत ओळीनें अनेक पोळीं बांधते; ती पेटींतही नांदते. आग्या माशीचें एकच विशाल पोळें मात्र कड्याला वा उंच फांदीला उघडें लोंबतें. तिला पेटी मानवत नाहीं.

दोहोंवरही संकटें आलीं. १९९१-९२ च्या सुमारास अळ्यांना होणाऱ्या थाई सॅकब्रूड रोगानें दक्षिण भारतांतील सातेरीच्या असंख्य वसाहती ओस पडल्या. आग्याचा वैरी मनुष्यच. तो रात्रीं टेंभ्यानें माश्या जाळतो आणि समूळ पोळें कापून मधाबरोबर अळ्याही पिळून काढतो. वस्तुतः या पोळ्यांत मध वरच्या एका बाजूस सांठविलेला असतो. तेवढाच भाग कापल्यास पिलें वांचतात.

काकडी-भोपळ्याचें फळ मुख्यतः माश्यांनीं वाहिलेल्या परागांमुळेंच धरतें. म्हणून पीक फुलोऱ्यावर असतां शेतकऱ्यानें विषारी फवारणी टाळावी. अनिवार्यच झाल्यास ती सायंकाळीं, माश्या परतल्यावर करावी.

महाबळेश्वरानजीकच्या मांघर गांवांत अनेक कुटुंबें मधपेट्या बाळगतात. २०२२ सालीं तें ‘मधाचें गांव’ म्हणून घोषित झालें. पोळें जो लुटतो, त्याच्या मुलांस रिकामी फांदी उरते. जो राखून घेतो, त्यास पुढच्या वसंतांतही मध मिळतो, आणि रानास फळ.