पगाराची चिठ्ठी आणि श्रीमंतीचे माप

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)

 

मी पदवीधर नाही. दहावीला गणितात नापास झालो आणि लूमवर उभा राहिलो, त्याला तीस वर्षे होऊन गेली. जे काही वाचले ते रात्रपाळी करून आल्यावर, पोरे शाळेत गेली की वाचले. तेव्हा माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा करू नका. समितीने मला "कर कोणी भरावा" हा विषय दिला आहे. मी सुरुवात सरकारपासून करणार नाही. आपल्या विहारापासून करतो, आणि माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो.

जुन्या माणसांना आठवत असेल, या विहारावर आधी पत्रे होते. स्लॅब टाकायचे ठरले. बैठकीत मीच उठून म्हणालो, "सगळ्या घरांना सारखी वर्गणी, महिना पन्नास रुपये. आपण समता मानतो ना, मग लहान-मोठा कोणी नको." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दर रविवारी वंदनेनंतर कोणाची वर्गणी आली, कोणाची राहिली, ती यादी वाचली जायची. चार महिन्यांनी माझ्या पत्नीने मला विचारले, "ती ताई वंदनेला यायची बंद झाली, तुमच्या लक्षात आलं का?" ताईचा नवरा वारलेला, ती ठेकेदाराकडे पॅकिंगच्या कामाला, पदरात दोन लेकरं. यादीत नाव वाचतात त्याची तिला लाज वाटत होती. पन्नास रुपये मला चहा-तंबाखूचा खर्च होता आणि तिला एका दिवसाचे कालवण होते. मी समतेच्या नावाखाली एका बहिणीला विहाराच्या दाराबाहेर ठेवले होते. पुढे आपण नियम बदलला. पर्मनंट कामगाराने जास्त द्यायचे, ठेक्यावरच्याने कमी, ज्याला जमत नाही त्याने श्रमदान करायचे, आणि यादी वाचणे बंद. स्लॅब त्यानंतरच पुरा झाला. सारखे घेणे म्हणजे समान वागवणे नव्हे, हा धडा मला पुस्तकाच्या आधी त्या ताईने दिला.

आता सरकारकडे वळू. आपल्यापैकी ज्यांना पगाराची चिठ्ठी मिळते त्यांनी ती नीट बघा. त्यात पी. टी. म्हणून एक रकाना असतो. तो व्यवसाय कर. महाराष्ट्रात पुरुष कामगाराचा पगार महिना ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर तो माफ. ७,५०० च्या वर १०,००० पर्यंत महिना १७५ रुपये. १०,००० च्या वर गेला की महिना २००, आणि फेब्रुवारीत ३००. पुष्कळ पोरे विचारतात, "काका, फेब्रुवारीतच शंभर जास्त का कापतात?" हिशोब सोपा आहे. अकरा महिने दोनशे म्हणजे २,२००, त्यात ३०० मिळवले की वर्षाचे २,५०० होतात. महिला भगिनींना २०२३ पासून २५,००० रुपये पगारापर्यंत हा कर नाही, ही चांगली गोष्ट झाली.

हे २,५०० कुठून आले? आपल्या संविधानाच्या कलम २७६ मध्ये मर्यादा आहे, की कोणाही माणसाकडून हा कर वर्षाला अमुक रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही. सुरुवातीला ती मर्यादा २५० रुपये होती. १९८८ साली साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली आणि तिथेच थांबली. आता गंमत बघा. महिना साडेदहा हजार मिळवणाऱ्या कामगाराची वर्षाची कमाई १ लाख २६ हजार. त्याने २,५०० भरले म्हणजे शंभरातले जवळजवळ दोन रुपये गेले. आणि वर्षाला एक कोटी पगार घेणारा साहेबही २,५०० च भरतो. म्हणजे शंभरातले अडीच पैसे. माझ्या पन्नास रुपयांच्या वर्गणीचीच ही मोठी बहीण!

कोणी म्हणेल, साहेब आयकर भरतो की. भरतो, खरे आहे, आणि पुष्कळ भरतो. मी खोटे बोलणार नाही. पण मग नाक्यावरचा मजूर काहीच कर भरत नाही, असे जे आपण ऐकतो, तेही खोटे आहे. २९९ रुपयांचा मोबाईल रिचार्ज मारला की त्यात जवळजवळ ४५ रुपये जीएसटी असतो. तो नाक्यावरच्या मजुरालाही तेवढाच आणि कंपनीच्या मालकालाही तेवढाच. मजुराला पावती कळत नाही, म्हणून त्याने कर भरला नाही असे होत नाही.

मग श्रीमंत कोण? इथे सरकारची मापे बघितली की डोके चक्रावते. रेशनच्या दुकानात वर्षाचे उत्पन्न एक लाखाच्या वर गेले की केशरी कार्ड जाऊन पांढरे होते. व्यवसाय करात महिना दहा हजारांच्या वरचा पुरुष कामगार आणि कोट्यधीश एकाच पायरीवर. आपल्या अनुसूचित जातीच्या मुलाला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हवी तर बापाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे. आणि २०१९ च्या घटनादुरुस्तीनंतर जे आर्थिक दुर्बलांचे आरक्षण आले, त्यात आठ लाखांच्या आतले कुटुंब दुर्बल! २०२५ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला आयकरच लागत नाही. म्हणजे एकच माणूस रेशनच्या दुकानात श्रीमंत, पी. टी. च्या रकान्यात श्रीमंत, पोराच्या शिष्यवृत्तीला श्रीमंत आणि आयकरात गरीब. घर तेच, चूल तीच. माप मात्र दर खिडकीला वेगळे.

असे का होते? माझ्या मते कारण साधे आहे. पगार हातात यायच्या आधी कापता येतो, म्हणून पगारालाच संपत्ती समजण्याची सवय लागली. बोईसरमध्ये खोल्यांच्या चाळी बांधून दर महिन्याला रोख भाडे घेणारे आहेत, त्यांना कोण चिठ्ठी देतो? शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, मग ती शेती दोन एकर असो की मोठी वाडी असो. अर्थात सातबाऱ्यावर नाव आहे तो प्रत्येक जण श्रीमंत, असेही मी म्हणत नाही. विक्रमगड-जव्हारकडे सातबारा आहे आणि घरात चार महिन्यांचा दाणा नाही, अशी घरे आपल्याला ठाऊक आहेत. म्हणून मिळकत किती आली हे एकटे विचारून भागत नाही. घर, जमीन, ठेवी काय आहेत, आणि खाऊन-पिऊन, औषधपाणी करून उरते काय, हे विचारले पाहिजे. आपल्या देशात संपत्ती कर १९५७ साली आला आणि २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. वारसाने मिळणाऱ्या मालमत्तेवरचा कर १९५३ ला आला आणि १९८५ ला गेला. २०१९ साली कंपन्यांचा कर तीसवरून बावीस टक्क्यांवर आणला. संपत्तीवरचे कर एकेक करून गेले आणि पगाराच्या चिठ्ठीवरचा रकाना राहिला.

आता मूळ मुद्दा. गेल्या फेब्रुवारीत तीनशे कापले तेव्हा आमच्या खात्यातली तरुण मंडळी माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, विहाराच्या कार्यक्रमात ठराव घ्या, हा व्यवसाय करच बंद करा." मला पटले होते. ठराव मी लिहूनही काढला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बोईसरच्या नाक्यावर मोखाड्याकडचे एक म्हातारे बाबा बसले होते, बरोबर सून आणि नातू, कामाची वाट बघत. बोलता बोलता म्हणाले की पूर्वी गावातच रोजगार हमीचे काम निघायचे, बंधारा असो, रस्ता असो, तेवढे दिवस गाव सोडावा लागायचा नाही. मी माझ्या पगारकपातीचे रडगाणे गायलो. ते हसले आणि म्हणाले, "तुम्ही तर पगारवाले शेट."

ते ऐकून मी गप्प झालो. कारण मला आठवले, हा व्यवसाय कर १९७५ साली महाराष्ट्रात आणला तो कशासाठी? १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेला पैसा पुरवण्यासाठी. शहरातल्या पगारदाराने थोडे द्यायचे आणि सरकारने त्यात आपली भर घालायची, म्हणजे खेड्यातल्या मजुराला मागेल तेव्हा काम मिळेल. पुढे त्या योजनेचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, आणि २००५ साली देशासाठी कायदा झाला तो महाराष्ट्राच्या याच वाटेने. म्हणजे मी जो ठराव लिहिला होता, तो त्या बाबांच्या बंधाऱ्याची माती काढण्याचा ठराव होता. मी तो फाडला.

बाबासाहेबांनी याची वाट कधीच दाखवली आहे. ते प्रांतिक अर्थकारणावर ग्रंथ लिहिणारे अर्थशास्त्रज्ञ होते. १९२७ च्या फेब्रुवारीत मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यावर नेमके बोट ठेवले. एक एकरवाला आणि शंभर एकरवाला, दोघांना दर एकच, पीक येवो न येवो. उलट आयकरात ठरावीक उत्पन्नाच्या खाली माफी असते आणि वर जाईल तसा दर चढतो. कर असावा, पण ऐपतीप्रमाणे असावा, हा त्यांचा मुद्दा होता. जोतीरावांनीही १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच मांडले होते की, पैसा रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरचे वर्ग घेतात. म्हणजे कर कोणाकडून घेतला याइतकेच तो कोणासाठी खर्च झाला, हेही विचारायचे.

दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात महाविजित राजाची गोष्ट आहे. राज्यात लूटमार माजलेली असताना राजाला मोठा यज्ञ करायचा होता. पुरोहित त्याला सांगतो, अशा वेळी प्रजेवर नवा कर लादणे अयोग्य आहे. शेतकऱ्याला बी आणि जनावरांचा चारा दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला वेतन दे, मग लूटमार आपोआप थांबेल. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही रोजगार हमीच आहे की नाही, तुम्हीच सांगा.

तेव्हा मित्रहो, फाडलेल्या ठरावाच्या जागी मी दुसरा आणला आहे. पहिली मागणी, व्यवसाय करातून जी माफी २५,००० पर्यंत भगिनींना आहे ती सर्व कामगारांना मिळावी. दुसरी, कलम २७६ मधली २,५०० ची भिंत संसदेने काढावी आणि वरच्या पगाराला चढत्या पायऱ्या लावाव्यात. म्हणजे खालच्याला माफी देऊनही तिजोरीत खड्डा पडणार नाही. तिसरी, हा कर दरवर्षी किती जमा झाला आणि त्यातला रोजगाराच्या कामावर किती गेला, याचा हिशोब प्रत्येक पंचायत समितीच्या फलकावर लागावा.

माझ्या तरुण मित्रांना हा ठराव कमी तिखट वाटेल. त्यांनी नाक्यावर जाऊन त्या बाबांशेजारी अर्धा तास बसावे आणि मग मत द्यावे. आपल्यावर अन्याय होतो हे खरे, आणि आपल्याहून खाली माणूस आहे हेही खरे. दोन्ही एकदम मनात धरणे कठीण आहे, पण पंचशील घेणाऱ्याला ते जमले पाहिजे.

आणि शेवटची एक गोष्ट. ती ताई आज समोर महिला मंडळात बसली आहे. तिचा मुलगा आयटीआय करून पर्मनंट झाला, आणि गेल्या वर्षीपासून आपली वर्गणी जास्तवाल्यांच्या वहीत लिहा, असे ती स्वतः सांगून गेली. तिला कोणी सांगितले नव्हते.

ठरावावर हात वर करून मत द्या. एवढे बोलून मी आपली रजा घेतो. नमो बुद्धाय! जय भीम!