मांडलेली कथा किती हलवावी?



आपली नातवंडे हल्ली एक खेळ खेळतात. एकजण गोष्टीचे जग मांडतो, बाकीचे त्यातली पात्रे होऊन बोलतात. कुठे अडले की फासे टाकायचे. मांडणाऱ्याला गेम मास्टर म्हणतात. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला, तिथून ही रीत पसरली. त्यांच्यात एक वाद कायम असतो: जग दुसऱ्याने रचून छापलेले, मग मास्टरने त्यात फेरफार किती करावा?

वाद आपल्या ओळखीचा आहे. सिंधुदुर्गातल्या दशावतारात लेखी संहिता नसते. आख्यान ठरते आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. नारद काय टोमणा मारील ते नटावर. पण गावाला कथा पाठ असते, तिची गाठ सुटली तर चालत नाही.

मग गाठच बदलणाऱ्याचे काय? आम्हा जैनांच्या घरातले उदाहरण देतो. विमलसूरींचे ‘पउमचरिय’ हे महाराष्ट्री प्राकृतातले रामायण, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वजांच्या घरचेच. त्यात श्रेणिक राजा रोकडे प्रश्न विचारतो: वानरांनी बलाढ्य राक्षस मारले कसे? कुंभकर्ण सहा महिने झोपेल कसा? उत्तर असे की वानर म्हणजे ध्वजावर वानर असलेले विद्याधर. रावणाला डोके एकच. हारातल्या रत्नांत नऊ प्रतिबिंबे दिसली, म्हणून दशमुख.

आणि रावणाला राम मारीत नाही, लक्ष्मण मारतो. इथे विमलसूरींना मी मानतो. फेरफार करून ते पुढे निसटले नाहीत. हिंसा लक्ष्मणाच्या हातून घडली, तर लक्ष्मण नरकात जातो. राम दीक्षा घेऊन मोक्षाला जातो. एक धागा हलवला, त्याचा ताण शेवटपर्यंत सोसला. नुसत्या चमत्कृतीसाठी बदलणारे इथेच उघडे पडतात. (पहिल्या औषधाला काम करू द्यावे, लगेच दुसरे देऊ नये, असे आम्हा होमिओपॅथांनाही शिकवतात.)

लिंबायतीत आपण खानदेशातून आलेली माणसे. एकाच गल्लीत तुमचा राम रावणाला मारतो, आमचा मारीत नाही, आणि मुले दोन्हीकडे जेवतात. उद्या त्यांच्यातल्या कुणी ‘पउमचरिया’चे जग खेळायला घेतले, तर त्याने खुशाल नवी नगरे, नवे विद्याधर घालावेत. रावणवध मात्र रामाकडे सोपवायचा असेल, तर डाव मांडण्याआधी भिडूंना सांगावे, आणि मग त्या रामाला मोक्ष कसा देणार तेही ठरवून ठेवावे.