आकड्यांचे चित्र

पेडणे तालुक्यातील हळर्ण गावी शापोरा नदीच्या काठाने चालणाऱ्यास नदीचे एकेक वळणच काय ते दिसते. नकाशा उलगडला म्हणजे मात्र सारी नदी एकदम नजरेत येते. आकड्यांचेही तसेच आहे. १७८६ साली विल्यम प्लेफेअर याने लंडनमध्ये व्यापाराच्या आकड्यांचे आलेख छापले, ते याच हेतूने. ते काम आज संगणक क्षणात करतो. परंतु क्षणात काढलेले चित्र खरे असेलच असे नाही.

समजा, हळर्णच्या एखाद्या विद्यार्थ्याने गोव्याच्या लोकसंख्येचा आलेख काढावयाचे मनात आणले. लिबरऑफिस कॅल्क हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. एक्सेलची रीतही बहुतांशी तीच. पहिल्या रकान्यात वर्षे, दुसऱ्यात लोकसंख्या: १९६० साली, पोर्तुगीज अमदानीत, ५,८९,९९७, १९७१ मध्ये ७,९५,१२०, १९८१ मध्ये १०,०७,७४९, १९९१ मध्ये ११,६९,७९३, २००१ मध्ये १३,४७,६६८ आणि २०११ मध्ये १४,५८,५४५. आकड्यापुढे ‘माणसे’ असा शब्द लिहू नये. लिहिल्यास संगणक त्या आकड्यास अक्षरे समजतो. मग रकाने निवडून ‘इन्सर्ट’मधील ‘चार्ट’ म्हणावे, की स्तंभ उभे राहतात.

येथेच नवशिक्याची फसगत होते. कित्येकदा संगणक वर्षांनाही संख्या समजून त्यांचेच स्तंभ काढू पाहतो. वर्षे ही आडव्या अक्षावरची नावे होत, हे त्यास सांगावे लागते. शिवाय १९६० ते १९७१ हे अंतर अकरा वर्षांचे आहे, पुढची दहा-दहांची. साध्या स्तंभालेखात ती सारी सारखीच दिसतात. अंतर खरे दाखवावयाचे तर दोन्ही अक्षांवर संख्या मोजणारा ‘एक्स-वाय’ प्रकारचा आलेख निवडावा.

सर्वांत मोठा धोका उभ्या अक्षाचा. तो शून्याऐवजी तेरा लाखांपासून सुरू केला, तर २०११ चा स्तंभ २००१ च्या स्तंभाहून तिपटीपेक्षा उंच दिसतो. वास्तविक वाढ सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास आहे. आकडा एकही खोटा नाही. तरीही चित्र खोटे बोलले! संगणक कधी कधी हा अक्ष आपणहूनच असा कापतो, म्हणून स्तंभ काढताना तो शून्यापासून आहे ना, हे आधी पाहावे.

तोच तक्ता आणखी एक गोष्ट सांगतो. स्तंभ दर खेपेस उंचावत गेले. परंतु १९७१ ते १९८१ या काळात लोकसंख्या पावणेसत्तावीस टक्क्यांनी वाढली होती, तो वेग पुढे सतत मंदावत गेला. एकूण माणसे किती आणि वाढीचा वेग किती, हे दोन निराळे प्रश्न होत. त्यांना दोन निराळी चित्रे हवीत. प्रश्न आधी ठरला नाही, तर उत्तम सॉफ्टवेअरही नुसती रंगीत नक्षी काढून देते.

गावच्या सभेत पाण्यासाठी वा शाळेसाठी असे चित्र मांडले जाते, तेव्हा पाहणाऱ्यांच्या हाती मूळ तक्ता नसतो. ते चित्रावर विसंबून हात वर करतात. म्हणून शिकणाऱ्याने पहिला आलेख चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने काढावा आणि मग तोच संगणकावर काढून दोन्ही ताडून पाहावेत. जेथे फरक दिसेल, तेथेच त्याचा पहिला धडा आहे.