उष्णतेची लाट आणि शहरवासी
(भाषणाचा मजकूर)



उन्हाळा आपल्या लोकांना नवा नाही. वैशाखवणव्यात भर दुपारी घराबाहेर न पडणे, दारांना वाळ्याचे पडदे लावणे, ताक व पन्हे घेणे, वाटसरूंसाठी पाणपोई घालणे, हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. तथापि उन्हाळ्याचे स्वरूप आता पालटत आहे. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने वाढले होते. ही वाढ किरकोळ भासली तरी तिच्यामुळे उष्णतेच्या लाटा अधिक वेळा आणि अधिक तीव्रतेने येतात.

शहरांना त्यांचा उपद्रव विशेष होतो. डांबरी रस्ते आणि सिमेंटच्या भिंती दिवसभर ऊन शोषून घेतात व रात्री ती उष्णता बाहेर टाकतात. झाडे तुरळक असतात, दाटीच्या इमारतींमुळे वारा अडतो. परिणामी रात्रीही गारवा मिळत नाही आणि दिवसभर तापलेल्या शरीराला विसावा लाभत नाही. पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या कुटुंबांची स्थिती तर अधिकच बिकट असते. घाम वाळताना शरीर थंड होते. पण दमट हवेत घाम वाळत नाही. म्हणूनच हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी प्रदेशात ४० अंशांपासून, तर किनारपट्टीवर ३७ अंशांपासूनच करते.

या संकटाचे गांभीर्य अहमदाबाद शहराने अनुभवले. मे २०१० मध्ये तेथे पारा ४६.८ अंशांवर गेला. पुढे अभ्यासकांनी त्या महिन्यातील एकूण मृत्यूंची तुलना आदल्या व पुढच्या वर्षांच्या मे महिन्याशी केली, तेव्हा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे दिसून आले. उष्णता हृदयाचे, मूत्रपिंडाचे जुने विकार बळावते; मृत्यूच्या नोंदीत त्या विकाराचे नाव येते आणि उन्हाचे नाव राहून जाते. पुरात वाहून गेलेली घरे सर्वांना दिसतात. उन्हाने नेलेली माणसे मोजल्यावाचून दिसत नाहीत.

या अनुभवातून बोध घेऊन तेथील महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा अंमलात आणला. दक्षिण आशियातील हा अशा प्रकारचा पहिला आराखडा होय. तापमानाच्या अंदाजानुसार नागरिकांना रंगांच्या संकेताने आगाऊ सूचना देणे, डॉक्टर व आरोग्यसेवकांना प्रशिक्षण देणे, पाणपोयांची सोय करणे, ही त्याची प्रमुख अंगे आहेत. पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा लेप देण्याचे कामही त्यात आले. तेथील एका रुग्णालयाने नवजात अर्भकांचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावरून खाली हलविला, तेव्हा उष्णतेने आजारी पडणाऱ्या अर्भकांची संख्या घटली. यासाठी मोठा खर्च लागला नाही. लागली ती दक्षता. नागपूरसह अनेक शहरांनी पुढे असे आराखडे तयार केले, आणि तेलंगण राज्याने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरण जाहीर केले.

आराखडा कागदावर राहिला तर मात्र तो निरुपयोगी ठरतो. बांधकामावरील मजूर, हमाल, फेरीवाले यांना दुपारी घरी बसणे परवडत नाही. खेड्यातून शहरात मजुरीस गेलेली माणसे बहुधा याच कामांवर असतात. सबब त्यांच्या कामाच्या वेळा सकाळी व सायंकाळी ठेवणे, सावली व पाणी पुरविणे, ही काम देणाऱ्यांची जबाबदारी ठरते. शिक्षकांनी मुलांना उष्माघाताची लक्षणे शिकवावीत; मुलांकरवी ती घरोघर पोहोचतात.

अंग अतिशय तापणे, बोलण्यात असंबद्धता येणे, शुद्ध हरपणे, ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा व्यक्तीस त्वरित सावलीत न्यावे, अंगावर गार पाणी शिंपडून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची शेजाऱ्यांनी दिवसातून दोनदा तरी विचारपूस करावी. उन्हाची तीव्रता कमी करणे एकट्यादुकट्याच्या हाती नाही. शेजारचे दार ठोठावणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे.