दुकानदार सरकार असलं तरी



गावात किराण्याचं एकच दुकान असलं की काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. तांदळात खडे निघाले तरी बोलायची सोय नसते. पण तो एकुलता एक दुकानदार सरकारच असेल तर?

आपल्या वणी भागातल्या कोळशाचंच बघा. इथल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी कोल इंडिया या सरकारी कंपनीच्या. १९७३ साली कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि देशात कोळसा विकणारा मोठा मालक जवळजवळ एकच उरला. वीज तयार करणारी महानिर्मिती त्याची गिऱ्हाईक. तीसुद्धा सरकारीच! तरी २०१२ साली ती स्पर्धा आयोगाकडे गेली. करार एकतर्फी आहेत, कोळशाचा दर्जा नीट तपासला जात नाही, अशी तिची तक्रार. आयोगानं २०१३ मध्ये सुमारे १७७३ कोटी रुपयांचा दंड केला. अपिलात तो रद्द झाला. पुन्हा सुनावणी होऊन २०१७ मध्ये ५९१ कोटींचा दंड लागला.

कोल इंडिया म्हणाली, आमची मक्तेदारी कायद्यानं दिलेली, लोकहितासाठी आहे. स्पर्धा कायदा आम्हाला लागू नाही. १५ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हे म्हणणं नाकारलं. दंड बरोबर की चूक, हे त्या निकालात ठरलं नाही; कायदा लागू आहे, एवढं मात्र पक्कं झालं.

यात आपला काय संबंध? कोळसा महाग किंवा निकृष्ट मिळाला, तर वीज महाग पडते आणि तो भार शेवटी आपल्या बिलावर येतो.

स्पर्धा कायदा २००२ चा. सरकारी खातंही खरेदी-विक्रीत उतरलं, तर त्याच्या कक्षेत येतं. सरकारची सार्वभौम कामं मात्र वगळली आहेत. अणुऊर्जा, चलन, संरक्षण आणि अंतराळ यांचं काम पाहणारी केंद्राची खातीही त्यातच. मोठं असणं हा गुन्हा नाही. मोठेपणाच्या जोरावर अन्यायी अटी लादणं हा आहे.

एक फरक लक्षात ठेवा. घरचं वीजबिल चुकलं, तर महावितरणच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा. मक्तेदारीच्या जोरावर सगळ्याच गिऱ्हाइकांवर जाचक अटी लादल्या जात असतील, तर दिल्लीच्या स्पर्धा आयोगाकडे कोणीही नागरिक किंवा ग्राहक संघटना माहिती देऊ शकते.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा.